इंग्रजी शब्द आणि उसना अर्थ

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला होता. तो सध्यां सदाशिव पेठेंतील एका अभ्यासिकेंत बसून स्पर्धापरीक्षांची तयारी करीत आहे. त्याच्या हातांत अप्पा बळवंत चौकांत नुकतेंच विकत घेतलेलें एक जाड पुस्तक होतें. त्यांत इंग्रजी शब्द एकाखालीं एक छापलेले असून प्रत्येकापुढें हिंदी अर्थ दिला होता. "सर, रोज पन्नास शब्द पाठ करतों," असें तो मोठ्या उमेदीनें म्हणाला. मीं त्याला सहज 'ऑब्जेक्शन' या शब्दाचा अर्थ विचारला. क्षणाचाही विलंब न लावतां त्यानें उत्तर दिलें, "आपत्ति." मग त्या शब्दाचा उपयोग करून एक इंग्रजी वाक्य लिहावयास सांगितलें. त्यानें लिहिलेल्या वाक्याचा आशय असा होता: 'महापुरामुळें गांवावर मोठें ऑब्जेक्शन आलें.'

मला हंसूं आलें. परंतु दुसऱ्याच क्षणीं वाईट वाटलें. मुलगा आळशी नव्हता, त्याचें पाठांतर चोख होतें आणि पुस्तकांतील अर्थही खोटा नव्हता. हिंदींत 'आपत्ति' हा शब्द हरकत किंवा आक्षेप या अर्थींही रूढ आहे. मराठींत मात्र आपत्ति म्हणजे संकट. त्यानें शब्द हिंदींत वाचला, मराठींत समजून घेतला आणि इंग्रजींत चुकविला. श्रम त्याचे, पैसे त्याच्या वडिलांचे, आणि फळ हें!

हिंदी व मराठी या सख्ख्या बहिणी. दोघींची लिपि एक आणि संस्कृतांतून घेतलेलें शब्दधनही पुष्कळसें एक. म्हणूनच येथें फसगत अधिक होते. अगदीं परका शब्द दिसला तर विद्यार्थी थांबून अर्थ विचारतो. ओळखीचा चेहरा दिसला कीं न विचारतां पुढें जातो. 'एज्युकेशन' या शब्दापुढें हिंदींत 'शिक्षा' असें लिहिलेलें असतें. आपल्याकडे ती शिक्षा वर्गाबाहेर उभें राहून भोगावी लागते. 'सोल्यूशन'ला 'समाधान', 'एफर्ट'ला 'चेष्टा' आणि 'सॅटायर'ला 'व्यंग्य' असे अर्थ दिलेले असतात. मराठी मुलाच्या मनांत या शब्दांनीं अनुक्रमें संतोष, थट्टा आणि शरीरांतील दोष उभे राहतात. 'अमेंडमेंट'ची गोष्ट तर परीक्षेच्या दृष्टीनें अधिकच घातक आहे. हिंदींत तिला 'संशोधन' म्हणतात. 1976 सालची 42 वी किंवा 1992 सालची 73 वी घटनादुरुस्ती अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यानें हा अर्थ डोळे मिटून पाठ केला, तर घटना बदलली कीं तिच्यावर कोणी प्रबंध लिहिला, हेंच त्याला उमगणार नाहीं.

हीं पुस्तकें वाईट आहेत असें माझें म्हणणें नाहीं. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत निघतात. उत्तरेकडे त्या परीक्षांना बसणाऱ्यांची संख्या मोठी. तेव्हां प्रकाशकांनीं त्यांची सोय पाहावी हें स्वाभाविकच आहे. आपल्या वर्गांतही ज्यांच्या घरीं हिंदी बोलली जाते अशीं मुलें आहेत. त्यांनीं हिंदी अर्थच पाठ करावा, आणि तोच त्यांना योग्य. माझा आग्रह एका भाषेविरुद्ध दुसरीसाठीं नाहीं. ज्या भाषेंत आपण विचार करतों, रागावतों आणि स्वप्नें पाहतों, त्या भाषेंतला अर्थ मनाला चिकटतो, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

शिवाय परीक्षक अर्थ विचारतो तरी कोठें? आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेंत सामान्य क्षमतेच्या 600 गुणांपैकीं 200 गुण इंग्रजीचे असतात. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत इंग्रजीची 300 गुणांची प्रश्नपत्रिका असते. तींत 25 टक्के गुण न मिळाले तर बाकीचे गुण जमेस धरले जात नाहींत. मुख्य परीक्षेच्या इतर विषयांचीं उत्तरें मराठींत लिहितां येतात, परंतु हा उंबरठा इंग्रजींतच ओलांडावा लागतो. त्यांत निबंध लिहावयाचा असतो, उताऱ्याचें सार काढावयाचें असतें, शब्दांचा प्रयोग करावयाचा असतो. 'अमक्या शब्दाचा हिंदी अर्थ द्या' असा प्रश्न तेथें येत नाहीं. मग ज्याचा उपयोग नाहीं, त्या वळणाच्या वाटेनें जावें कशाला?

"पण मराठी अर्थ मिळणार कोठें?" असें विद्यार्थी विचारतात. हा प्रश्न पुण्यांत विचारला जावा याचें नवल वाटतें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति 1857 सालीं. मेजर कँडी यांनीं पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. मोल्सवर्थच्या त्या अवजड ग्रंथाचा विद्यार्थ्यांच्या हातीं मावेल असा संक्षेप बाबा पदमनजी यांनीं 1863 सालीं केला. विसाव्या शतकाच्या आरंभीं नी. बा. रानडे यांनीं इंग्रजी-मराठी कोशाचें प्रचंड काम उभारलें. वीरकरांचा कोश तर तुमच्यापैकीं अनेकांच्या घरीं फळीवर धूळ खात असेल. कायदा, अर्थशास्त्र व राज्यकारभार यांतील नव्या शब्दांसाठीं 1960 सालीं स्थापन झालेल्या शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत. एवढी शिदोरी घरीं असतां आपण उसनवारी करतों.

आतां अभ्यासाची रीत. शंभर पानांची एक वही घ्यावी आणि पानाचे चार रकाने पाडावे. पहिल्यांत शब्द व त्याचा उच्चार. दुसऱ्यांत कोशांत पाहून, मग आपल्या शब्दांत मांडलेला मराठी अर्थ. तिसऱ्यांत तो शब्द जेथें भेटला तें वाक्य. चौथ्यांत स्वतः रचलेलें वाक्य. चौथा रकाना रिकामा असेल तोंवर तो शब्द आपला झाला असें समजूं नये. दिवसाला पन्नास नव्हे, दहाच शब्द घ्यावे, आणि रविवारीं आठवड्याची उजळणी करावी. शब्दांचीं कुळेंही ओळखावींत. 'सु' आणि 'दुर्' या उपसर्गांवरून सुगंध व दुर्गंध तुम्ही ओळखतां. तसेंच लॅटिनमध्यें 'बेने' म्हणजे चांगलें आणि 'माले' म्हणजे वाईट. तेवढ्यावरून 'बेनिफिट', 'बेनिव्होलंट' आणि 'मॅलिव्होलंट' हे तिन्ही शब्द एकदम ओळखीचे होतात.

शेवटीं पालकांस एक विनंति. आपणांस इंग्रजी येत नाहीं म्हणून मुलांच्या या अभ्यासांत आपलें काम नाहीं, असें समजूं नका. रात्रीं जेवतांना मुलाला त्या दिवशींचे दोन शब्द मराठींत समजावून सांगावयास लावा. ज्या आईनें इंग्रजी शाळेचें तोंड पाहिलेलें नाहीं, तिलाही आपल्या मुलाचें सांगणें नीट उमगलें कीं नाहीं हें तत्काळ कळतें. तिला उमगलें नाहीं, तर मुलालाही तें पुरतें उमगलेलें नाहीं असें खुशाल समजावें. हिंदी अर्थाची यादी या परीक्षकाला घराबाहेर ठेवते. मराठी अर्थ तिला पाटावर बसवितो.

माझ्या त्या विद्यार्थ्यानें निघण्यापूर्वीं वहींत 'आपत्ति'वर रेघ ओढली आणि शेजारीं 'हरकत' असें लिहिलें. मग थोडा विचार करून त्यानें नवें इंग्रजी वाक्य केलें: 'मीं पुण्यास राहून शिकावें याला माझ्या वडिलांचें ऑब्जेक्शन नव्हतें.' तें वाक्य बरोबर होतें, आणि खरेंही होतें.