शोधणाऱ्याच्या तोंडचे नाव

गोव्यात एखाद्या देवस्थानाने, नाट्यमंडळाने किंवा वाचनालयाने संकेतस्थळ सुरू केले, की दीपप्रज्वलन होते, भाषणे होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. सहा महिने गेले की तक्रार सुरू होते, "इतका खर्च केला, पण बघायला कोणी येतच नाही!" मग कोणीतरी सुचवतो, की कीवर्ड घालायला हवेत. एखाद्या माहितगाराला बोलावले जाते. तो 'गोवा', 'मंदिर', 'संस्कृती', 'पर्यटन' असे चार शब्द पानोपानी पेरतो, आपले बिल घेतो आणि जातो. येणारे होते तितकेच राहतात.

माझे स्पष्ट मत असे, की शोधशब्द निवडण्याचे काम बाहेरच्या माहितगारावर सोपवण्यासारखे नाहीच. ते काम संगणकाचे कमी आणि भाषेचे जास्त आहे. शोधणारा माणूस हव्या त्या गोष्टीला कोणत्या नावाने हाक मारतो हे ओळखले, की शोधशब्द सापडला. आणि आमच्या गोव्यात हे ओळखायचे तर इथली गावे, इथल्या भाषा आणि इथला इतिहास ठाऊक असावा लागतो.

आधी त्या चार शब्दांचे काय बिघडते ते पाहू. 'गोवा' आणि 'मंदिर' या शब्दांवर सहलीच्या कंपन्या, हॉटेले आणि बुकिंगची मोठमोठी संकेतस्थळे ठाण मांडून बसली आहेत. त्यांच्यापुढे आमच्या चार पानांचा निभाव लागत नाही. समजा लागलाच, तरी येणारा कोण? दोन तासांत तीन देवळे उरकून संध्याकाळी किनाऱ्यावर जाणारा पर्यटक. तुम्ही लिहिले आहे पालखीच्या मानाविषयी, नवरात्रातल्या मखराविषयी. तो बिचारा लगेच मागे फिरतो. यात त्याचा दोष नाही, तुमचाही नाही. शब्द चुकीच्या माणसाला घेऊन आला, इतकेच.

आता दुसरा माणूस पाहा. मंगळूर, कुमठा किंवा कोची इथे कित्येक पिढ्या राहिलेले एक कुटुंब आहे. घरात सांगत आले आहेत की आमची कुलदेवता गोव्यात, शांतादुर्गा. त्या घरातला मुलगा शोधायला बसतो. नुसते 'शांतादुर्गा' टाकले तर कवळ्याची येते, फातर्प्याची येते, धारगळचीही येते. यातली आपली कोणती? आजीने सांगितलेले गावाचे नाव त्याला आठवते, 'केळशी'. तो 'केळशी शांतादुर्गा' असे टंकतो. आणि आपल्या पानावर मात्र फक्त 'श्री शांतादुर्गा संस्थान, कवळे' एवढेच असेल, तर त्याची आणि आपली गाठ पडेल कशी?

इथे आमचा इतिहास मध्ये येतो. १६व्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलात साष्टीतली देवळे पाडली गेली आणि देव झुवारी ओलांडून अंत्रुज महालात आले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला. देवळाचा आजचा पत्ता एक आणि कुटुंबाच्या आठवणीतला पत्ता दुसरा. दूर गेलेल्या घरांनी बरोबर नेला तो जुना पत्ता. म्हणून अशा देवस्थानाच्या पानावर दोन्ही गावांची नावे, आणि तीही पहिल्याच परिच्छेदात, असायला हवीत. मुंबईच्या कीवर्डवाल्याला हे कसे सुचावे?

बरे, गाव एकच असले तरी नावे अनेक. कवळ्याचे पोर्तुगीज रूप 'क्यू' अक्षराने सुरू होते, आजचे लोक रोमनमध्ये 'के'ने लिहितात. साखळीच्या रोमन नावात 'क्यू' मध्येच येतो. केप्याच्या तर सुरुवातीलाच. पुण्यात वाढलेला मराठी माणूस 'साखळी' ऐकून जे स्पेलिंग करील ते आमच्या रस्त्यावरच्या पाटीशी जुळणार नाही. डिचोलीच्या इंग्रजी नावात 'ड' नाही, 'ब' आहे! चोडण आणि दिवाडी ही बेटे रोमनमध्ये शोराँव आणि दिवार होतात. बांदोड्याला कोणी बांदिवडे म्हणतो, नकाशावर ते बांदोरा असते. मडगाव तर रेल्वे स्थानकाच्या पाटीवर एका तऱ्हेने आणि नगरपालिकेच्या पाटीवर दुसऱ्या तऱ्हेने. हे दुखणे एकट्या गोव्याचे नाही. बेळगावचे सरकारी नाव २०१४ मध्ये बेळगावी झाले, पण मराठी माणसाच्या बोटांतून अजून 'बेळगाव'च उमटते. शोधयंत्रे आता पुष्कळ शहाणी झाली आहेत, मोठ्या शहरांची रूपे ती जुळवून घेतात. पण लहान गाव, लहान देऊळ, लहानसा उत्सव इथे त्यांचे शहाणपण तोकडे पडते. तिथे आपणच मदत करायला हवी.

सणांचे आणि कलांचेही तसेच. आम्ही 'चवथ' म्हणतो, महाराष्ट्र 'गणेशोत्सव' म्हणतो. आमचा 'शिगमो' तिकडे 'शिमगा' होतो. 'माटोळी' हा शब्द आमच्या घराघरांतला; पण तो ठाऊक नसलेला माणूस 'गणपतीवर टांगलेली फळे' असेच काहीतरी टंकणार. 'काला' या शब्दाची तर गंमतच आहे. गोव्यात जत्रेतला काला म्हटले की दशावतारी नाटक डोळ्यांपुढे येते. तोच शब्द देवनागरीत एकटा टाकला तर शोधयंत्र त्याला हिंदीतला काळा रंग समजते, नाहीतर २०१८ मधला रजनीकांतचा चित्रपट! म्हणून 'जत्रेतला दशावतारी काला' असे सगळे शब्द मिळून लिहावे.

मग असे शब्द शोधावे कसे? पैसे न खर्चता पुष्कळ करता येते. पहिली गोष्ट, शोधाच्या चौकटीत आपल्या गावाचे वा देवाचे नाव अर्धवट टंका आणि थांबा. खाली जे पर्याय उघडतात ते लोकांनी विचारलेलेच प्रश्न असतात. हे खाजगी खिडकीत करावे, नाहीतर आपल्याच जुन्या शोधांचे प्रतिबिंब दिसत राहते. मराठीत, कोंकणीत आणि रोमनमध्ये वेगवेगळे करून पाहावे. दुसरी गोष्ट, गूगलचे सर्च कन्सोल. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केले की ते फुकट मिळते. कोणत्या शब्दांवर आपले पान दिसले आणि त्यांतल्या कितींनी टिचकी मारली, हे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे त्यात पाहता येते. पान दिसते पण टिचकी पडत नाही, असे शब्द मी आधी पाहतो. अमुक गोष्ट हवी असलेला माणूस दारापर्यंत आला आणि पाटी वाचून परत गेला, असा त्याचा अर्थ. पाटी, म्हणजे पानाचे शीर्षक, बदलावे. तिसरी गोष्ट गूगल ट्रेंड्स. कोणता शब्द कधी चढतो हे ते शंभरच्या मापात दाखवते. पण आपल्या लहान शब्दांसाठी ते अनेकदा कोरेच राहते. त्यावरून कोणी शोधतच नाही असे समजू नये. वर्षात मोजकी माणसे आली आणि त्यांना आपली कुलदेवता सापडली, तर ती संख्या थोडी म्हणायची का?

चौथे साधन सर्वांत जुने, माणसांना विचारणे. देवस्थानच्या कचेरीत फोन येतात तेव्हा पलीकडचा माणूस कोणत्या शब्दांत विचारतो ते वहीत टिपून ठेवा. "होमकुंड किती वाजता?", "धोंड म्हणजे काय?", "आमचे आडनाव अमुक, आमची कुलदेवता कोणती?" हे प्रश्न हेच शोधशब्द. ते जसेच्या तसे पानावर उपशीर्षक म्हणून घाला आणि खाली उत्तर लिहा. मराठीत बोलून टंकण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली, तेव्हापासून माणसे अशी पूर्ण वाक्येच यंत्राला विचारू लागली आहेत.

शब्द मिळाले, आता ठेवायचे कुठे? पानाच्या पोटात 'मेटा कीवर्ड' नावाची एक लपलेली जागा असते, तिथे शंभर शब्द कोंबून निश्चिंत होणारे अजून भेटतात. क्रमवारी ठरवताना आपण ती जागा पाहत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे! शब्द वाचकाला दिसतील असेच हवेत, शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत, छायाचित्राखालच्या ओळीत. पानाचा पत्ता रोमनमध्ये असतोच, तिथे प्रचलित स्पेलिंग वापरावे. आणि कृपा करून जत्रेची पत्रिका नुसते चित्र म्हणून चढवू नका. तिथी, तारीख, गाव, तालुका हे मजकूर म्हणून टंका. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली पाने असतील तर ती युनिकोडमध्ये आणा, एरवी त्यांतली मराठी शोधयंत्राला निरर्थक चिन्हांसारखी दिसते.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. "आम्ही काय यंत्रासाठी लिहायचे? एका देवळाची चार नावे लिहून भाषा बिघडवायची?" मला हे पटत नाही. 'ऊर्फ' आणि 'म्हणजेच' हे शब्द मराठीत संगणक येण्याआधीपासून आहेत. जुन्या दस्तऐवजांत एका माणसाची दोन नावे सुखाने नांदतात. 'कवळ्याची शांतादुर्गा, मूळची केळशीची' या वाक्यात बिघडले काय? उलट वाचकाला इतिहास कळला. तोच शब्द वीस वेळा घासला तर भाषा बिघडते, आणि तसे करणाऱ्याला शोधयंत्रही मागे ढकलते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. शिगमो लिहायचे की शिमगा? 'जागोर' की 'जागर'? आमच्याकडे असा प्रश्न निघाला की भाषावाद निघतोच. माझे म्हणणे एवढेच, की वाद जिथे घालायचा तिथे घाला, पण शोधणाऱ्याला त्याची शिक्षा नको. दोन्ही रूपे लिहा. शिवोलीचा जागर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. त्याला शोधणारा कोणत्या लिपीतून येईल याची अट आपण का घालावी?

या साऱ्याची घाई का, तेही सांगतो. शिवोली, हणजूण, मोरजी ही नावे शोधून पाहा. व्हिला, खोल्या, पार्ट्या! गावाच्या नावावर ज्यांनी लिहिले त्यांचे गाव झाले. ३ मे २०२५ रोजी शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, तेव्हा देशभरातल्या माणसांनी तो शब्द पहिल्यांदाच टंकला असेल. लईराई, लैराई, लयराय, ज्याला जसे ऐकू आले तसे. त्यांना अपघाताच्या बातम्या मिळाल्या, आणि ते योग्यच. पण व्रतस्थ धोंड कोण, ते अग्निदिव्य का करतात, हे आपल्या माणसाने नीट लिहिलेले त्यांच्या हाती लागले का? २०२४ पासून तर भारतातही गूगलच्या शोधात वरच्या बाजूला यंत्राने जुळवलेले उत्तर दिसू लागले आहे. ते उत्तर महाजालावर जे सापडेल त्यावरूनच बनते. आपले लिहिलेले त्याला सापडले नाही, तर दुसऱ्या कोणाची अर्धवट माहिती आपल्या देवाची, आपल्या गावाची म्हणून सांगितली जाईल.

तेव्हा मंडळी, पुढची बैठक भरेल तेव्हा संगणकवाल्याच्या आधी गावातल्या चार म्हाताऱ्यांना बोलवा, आणि परगावी स्थायिक झालेल्या एक-दोघांना फोन लावा. गावाची, वाड्याची, देवाची, उत्सवाची जितकी नावे त्यांना आठवतील तितकी लिहून घ्या. एका दुपारचे काम आहे. ती यादी संगणकवाल्याच्या हातात द्या आणि मग खुशाल त्याचे बिल भरा.