सुखोमाजरीच्या शेळ्या आणि आमच्या जीपा

रविवार उजाडला की मोहालीतून शिवालिकच्या पायथ्याकडे गाड्यांची रांग लागते. कोणी सिसवांच्या धरणाकडे, कोणी मोरनीच्या वाटेवर. या रांगेत आमचे मराठी बंधू मागे नाहीत. सह्याद्रीतले गड चढून तयार झालेले पाय परमुलखात बदली झाली म्हणून स्वस्थ बसत नाहीत, याचा आम्हांस अभिमानच वाटतो. परंतु डोंगरावरील प्रेमाची द्वाही फिरविणारी ही मंडळी डोंगराशी जसे वागतात, त्याविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे.

शिवालिक म्हणजे सह्याद्री नव्हे. येथे काळ्या कातळाचा आधार नाही. माती, वाळू व गोटे यांचा हा ठिसूळ डोंगर. वरचे गवत गेले की पावसात उतार वाहू लागतो, आणि ज्यांस येथे ‘चो’ म्हणतात ते एरवीचे कोरडे ओढे गाळ घेऊन शेतांवर धावतात. याच भयाने १९०० साली पंजाबात भूसंरक्षणाचा कायदा करावा लागला. १९५८ साली बांधलेले चंदीगडचे सुखना सरोवरही गाळाने भरू लागले. त्या गाळाचा माग काढीत मृदासंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र सुखोमाजरी या खेड्यात पोहोचले. मोकाट चरणाऱ्या गुराशेळ्यांनी तेथील उतार उघडे पडले होते. १९७६ साली तेथे मातीचा बंधारा झाला. त्याचे पाणी सर्व घरांनी वाटून घ्यावे आणि डोंगरावर जनावर सोडू नये, असे गावाने ठरविले. तारेचे कुंपण न घालता गवत वाढले आणि गाळ पुष्कळ घटला.

ज्यांचे भांडवल म्हणजे दोनचार शेळ्या, त्यांनी एवढे सोडले. आणि ज्यांचा पगार महिनाअखेर बिनचूक हाती पडतो, त्यांनी साहसाच्या नावाखाली चोंच्या पात्रांत व उतारांवर जीपा घालाव्यात काय? ‘एका गाडीने काय होते?’ असे आम्हांस विचारण्यात येते. एका शेळीने काय होते, असे सुखोमाजरीकरांसही विचारता आले असते!

दुसरा युक्तिवाद असा की, कचऱ्याची सोय सरकारने करावी. २०१४ साली नेपाळने एव्हरेस्ट चढणाऱ्या प्रत्येकास किमान आठ किलो कचरा खाली आणण्याची अट घातली. तेथे श्वास घेणेही कठीण. येथे रिकामी बाटली पिशवीत घालणे जड जाते! २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवरील रात्रीचा मुक्काम बंद केला, तेव्हा गिर्यारोहकांत मोठी हळहळ झाली. पण स्वतःस आवर घालता आला नाही की बंदी येते, हे फायलींवर नियमांचे शेरे मारणाऱ्या आमच्या वर्गास तरी नव्याने सांगावयास नको.

राजगडाच्या तटावर कोणी नाव कोरले तर आमचे रक्त तापते. तोच आम्हां मंडळींचा संताप मोरनीच्या चिडाखाली चूल पेटविताना कोठे जातो? उन्हाळ्यात त्या वाळक्या पानांस एक ठिणगी पुरते. हा डोंगर आपल्या इतिहासाचा नाही, म्हणून तो परका काय?

आमचे मागणे अवघड नाही. वाहन डांबरी रस्त्यावर ठेवावे, पाऊलवाट सोडू नये, विस्तव करू नये, नेलेले सर्व परत आणावे. एवढेही ज्यास जमत नाही त्याने खुशाल घरी पत्ते कुटावेत. मात्र स्वतःस गिरिप्रेमी म्हणवून घेऊ नये. आमची बदली तीन वर्षांनी होईल. सुखोमाजरीकरांची होत नाही.