समुद्रतळावरील रांगा टकरीच्या नव्हेत



समुद्रतळावरील ज्वालामुखी रांगांविषयीच्या गेल्या अंकातील लेखात, भूपट्ट एकमेकांवर आदळून या रांगा उभ्या राहतात, असे सरसकट म्हटले आहे. हिमालयाचे कारण समुद्रतळाला लावता येत नाही. अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग रांग भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे घडते. फटीखालचे तप्त प्रावरण वर येते, त्यावरचा दाब घटतो आणि ते अंशतः वितळते. समुद्रतळ पसरतो, या सिद्धांताला आधारही याच रांगेने दिला : तिथल्या चुंबकीय नोंदींवरून व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हा आधार मांडला.

लक्षद्वीप-मालदीव-चागोस रांगेलाही लेखकांनी त्याच माळेत ओवले आहे. भारतीय भूपट्ट रियुनियन तप्तबिंदूवरून उत्तरेकडे सरकताना मागे राहिलेला हा माग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा याच तप्तबिंदूशी जोडला जातो. १९८७ च्या सागरी वेधनात मालदीवजवळचा बेसाल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा निघाला, चागोसजवळचा ४.९ कोटी. दक्षिणेकडे वय घटत जाते. टकरीतून असा क्रम येणार कसा? लक्षद्वीपखालचे कवच खंडीय की सागरी, यावर मतभेद आहेत, एवढे मान्य. पण त्याने टकरीच्या दाव्याला बळ मिळत नाही.

ज्यांच्या अंगणात दख्खनच्या याच लाव्ह्याचा कातळ आहे, त्या वाचकांसाठी पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– भूगोलाचा एक शिक्षक, सातारा