कोळशाची रेल्वे आणि फासाचा दोर

रेल्वेचा इतिहास म्हणून आपल्याला इंजिनांचे फोटो दाखवतात. दोर दाखवत नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचा कोळसा वाहणारी रेडिंग रेल्वे घ्या. खाणी तिच्या, पोलीसही तिचे. अध्यक्ष फ्रँकलिन गोवेन. त्यानं १८७३ मध्ये आयरिश खाणमजुरांत पिंकर्टनचा हेर घुसवला. १८७५ चा संप उपासमारीनं मोडला. मग खुनांचे खटले. खून पडले होते, नाकारत नाही. पण कोर्टात मजुरांविरुद्ध वकील कोण? खुद्द गोवेन! गावात पाटलाचेच पंच, पाटलाचेच साक्षीदार, अन् आत आपली पोरं, साला तोच खेळ. २१ जून १८७७ ला एका दिवसात दहाजण लटकवले. जॅक कीहोला १८७८ मध्ये. त्याला माफी मिळाली १९७९ साली! गव्हर्नरनं सही केली तेव्हा गोवेनची रेल्वेही उरली नव्हती, १९७६ लाच ती कॉनरेलनं गिळली होती.