सब्जाचं रोप आणि कापराची पुरचुंडी

खुलताबादला शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. वर छत नाही. कबरीच्या उघड्या मातीत सब्जाचं रोप वाढतं. सब्जाचं पान चुरगाळलं की येणाऱ्या वासात बहुतेकदा लिनालूल नावाचं द्रव्य असतं. लॅव्हेंडरच्या महागड्या तेलातलाही तो एक प्रमुख घटक. तरी ‘अरोमाथेरपी’ म्हटलं की एक पक्ष नाक मुरडतो: हे परदेशी खूळ आहे. दुसरा पक्ष त्याच तेलाच्या थेंबात दम्यापासून कर्करोगापर्यंत सगळ्याचा उतारा शोधतो. चूक दोघांचीही आहे, पण दुसऱ्याची जिवावर बेतू शकते. म्हणून आधी तिचा समाचार.

2021च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या साथीत प्राणवायूसाठी धावाधाव चालू असताना, मोबाइलवर एक निरोप घरोघर फिरला. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचं तेल यांची पुरचुंडी हुंगत राहा, रक्तातला प्राणवायू वाढेल. तो वाढत नाही. मग हुंगणाऱ्याला मोकळं का वाटतं? याचं उत्तर 1983मध्येच मिळालं होतं. कापूर, निलगिरी आणि मेंथॉल हुंगायला देऊन संशोधकांनी नाकातल्या हवेचा अडथळा मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला. श्वास मोकळा झाल्याची भावना मात्र वाढली. ही द्रव्यं नाकातल्या गारव्याच्या संवेदना जागवतात, हवेची वाट रुंद करत नाहीत. सर्दीत ही भावना सुखाची आहे. फुप्फुसं निकामी होत असताना तीच भावना रुग्णाला दवाखान्याबाहेर थांबवून ठेवते, आणि तिथे ‘घरगुती उपायानं काय बिघडतं’ हा युक्तिवाद उघडा पडतो. शिवाय कापूर किंवा निलगिरीचं तेल तान्ह्या मुलाच्या पोटात गेलं, तर थोड्या वेळातच झटके येऊ शकतात.

एवढं ऐकून पहिला पक्ष म्हणेल, मग सगळंच थोतांड ना? नाही.

गंधाची वाट इतर संवेदनांहून जवळची आहे. नाकातून निघालेला संदेश फारसे थांबे न घेता मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. चाफ्याच्या वासानं आजोळचं अंगण उभं राहतं ते याचमुळे. निजण्यापूर्वी ओळखीचा, आवडता वास घेऊन मन निवलं, तर तो आराम खराच असतो. त्याला आजार बरा करण्याचं प्रमाणपत्र कशाला हवं?

याहून भक्कम पुरावा जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. तिथे थॉमस हुमेल यांनी वास हरवलेल्या रुग्णांना दिवसातून दोनदा, बारा आठवडे चार वास हुंगायला लावले: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. 2009मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सराव करणाऱ्यांची घ्राणशक्ती न करणाऱ्यांपेक्षा सुधारली होती. सगळ्यांची नव्हे, पण कोविडनंतर वास गेलेल्या असंख्य लोकांना डॉक्टरांनी हाच सराव सांगितला. पुरचुंडीतली लवंग आणि निलगिरी इथेही आहेतच. पुरचुंडीवाल्यांनी त्यांच्याकडे नको ते मागितलं, इतकंच.

राहिला परदेशीपणाचा आक्षेप. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांचा, त्यांचं त्या नावाचं पुस्तक 1937चं. पण बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त सुगंधी द्रव्यांच्या भोगाला स्वतंत्र जागा आहे, आणि त्याची राजधानी मराठवाड्याच्या उशाशीच होती. खुलताबादच्या उरसात संदल निघतो, दर्ग्यांवर गुलाबाच्या चादरी चढतात, लोबानाचा धूर दरवळतो. बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरीही त्याच घराण्यातली. मात्र जुनं म्हणून निर्दोष, असंही नाही: बंद खोलीतला धूर फुप्फुसांना जाचतो, मग तो उदबत्तीचा असो वा धुरीचा.

बाटली विकत घेणाऱ्यानं एक हिशेब करावा. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. शंभर रुपयांत मिळणारं ‘शुद्ध गुलाबतेल’ बहुधा कृत्रिम सुगंध असतो. आणि अस्सल तेलही न पातळवता कातडीला लावलं तर भाजल्यासारखी जळजळ होऊ शकते. खोबरेल किंवा तिळाच्या चमचाभर तेलात दोन-तीन थेंब पुरतात. हुंगण्याच्या सरावाला तर तेही नको. दर्ग्याबाहेरच्या दुकानातले ताजे गुलाब आणि घरच्या डब्यातल्या चार लवंगा घेऊन त्याची सुरुवात करता येते.