बिनबंधनाची जमीन आणि रविवारची बस

दर रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या तालुक्याच्या गावातून एक बस सुटते. महामंडळाची नव्हे. पांढरीशुभ्र, पडदे लावलेली, कपाळावर तेलुगूत आणि इंग्रजीत कंपनीचे नाव मिरवणारी. देगलूर-मुखेडकडची माणसे ही बस ओळखतात. उदगीर-बीदरकडे तिच्या बहिणी धावतात. जाणे-येणे फुकट, वाटेत इडली-चटणी, दुपारी पंगत आणि परतताना प्रत्येकाच्या हातात एक रंगीत नकाशा. नकाशात सरळ रस्ते, गुलमोहर, मुलांची घसरगुंडी, कोपऱ्यात मंदिर. प्रत्यक्षात माळ. हैदराबादच्या वाढत्या वेशीवरचे प्लॉट पाहायला आमच्या सीमाभागातली मराठी माणसे अशी वऱ्हाडासारखी निघतात. आणि बसच्या दारात यादी घेऊन, "आले का सगळे?" म्हणत उभा असलेला माणूस बहुधा शिक्षक असतो.

माझ्याच शाळेतले दोघे या कामात आहेत. एक गणित शिकवतात, दुसरे चित्रकला. (चित्रकलेच्या सरांना कमिशन जास्त मिळते असे ऐकतो. साहजिक आहे.) गणिताचे सर मला मधल्या सुट्टीत म्हणाले, "सर, तुम्ही एकदा साइट तर बघा. एकदम बिनबंधनाची जमीन आहे. कूळ नाही, सीलिंग नाही, इनाम नाही. आज घ्या, उद्या विका."

वाचकहो, माझा झगडा प्लॉट घेणाऱ्याशी नाही. तो या 'बिनबंधनाची' शब्दाशी आहे, आणि तो शब्द खडूने माखलेल्या हातांनी विकला जातो याच्याशी आहे.

हैदराबादभोवतीची जमीन बिनबंधनाची होती कधी? निजामाच्या राज्यात दिवाणी मुलूख वेगळा, निजामाच्या खासगी खर्चाचा सर्फ-ए-खास वेगळा, पायगा वेगळ्या, जागिरी आणि इनामे वेगळी. पोलीस कारवाईनंतर १९४९ साली जागिरी गेल्या. १९५० साली हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा आला आणि कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून कागदावर जागा मिळाली. पुढे १९७३ चा शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा, १९७६ चा नागरी कमाल धारणा कायदा. १९७७ साली आंध्र प्रदेशाने कायदा केला की सरकारने भूमिहीनाला दिलेली जमीन त्याच्याकडून कोणी विकत घेऊ नये. घेतली तर तो व्यवहारच निरर्थक. यांतले एकेक बंधन कोणा ना कोणा गरिबाच्या नावाने बांधलेले आहे. तेव्हा जमीन बिनबंधनाची आहे असे कोणी सांगितले, तर शहाण्या माणसाने विचारावे, की बाबा, ते बंधन सुटले कसे? कायद्याने सुटले, की कूळ म्हातारे होऊन मेले आणि त्याच्या पोरांना कोणी कळवलेच नाही?

आपण सीमेवरची माणसे, म्हणून एक गंमत सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तीन वाटे झाले, आणि जमिनीचा कायदा तिन्ही घरांत निराळा वाढला. मराठवाड्यात १९५० चाच कायदा राहिला आणि शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेत घेता येत नाही, हे आजही चालू आहे. आंध्राने १९६९ च्या दुरुस्तीत त्याच कायद्यातले हस्तांतरणाच्या परवानगीचे कलम काढून टाकले. म्हणून तेलंगणात शेत घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला कोणी मागत नाही. कर्नाटकाने बिगरशेतकऱ्याला अडवणारी ७९-अ आणि ७९-ब ही कलमे २०२० साली रद्द केली. तेव्हापासून बीदर-भालकीकडे पांढऱ्या मोटारी वाढल्या आहेत, असे तिकडचे पाहुणे सांगतात. आमच्या गावच्या मास्तराला स्वतःच्या तालुक्यात वीस गुंठे घेताना सातबारा दाखवावा लागतो. दीडदोनशे किलोमीटरवर, ज्याची भाषा त्याला वाचता येत नाही अशा गावात, तो एका दुपारी जमीनदार होतो. याला तो सोय म्हणतो.

भाषेचा मुद्दा आला म्हणून इथे थांबतो. माझे आजोबा मराठीत भजन म्हणत, उर्दूत अर्ज लिहीत आणि तेलुगूत बैलांचा सौदा करीत. खासरा पहाणी त्यांना पोथीसारखी वाचता येई. १९५४-५५ ची ती पहाणी आजही तेलंगणातल्या जमिनीच्या वादात पहिल्यांदा मागवली जाते. आपली पिढी तीन भाषांच्या चौकात वाढली म्हणून संमेलनांतून मिरवते, आणि आठ पानी तेलुगू विक्रीखतावर, एक ओळ न वाचता, खाली मराठीत सही करते. दुभाषी म्हणून कोण असतो? ज्याला कमिशन मिळणार आहे तो.

हे मी कोणावर हसून लिहीत नाही. २००७ साली मी स्वतः अशी सही केली आहे.

संगारेड्डीच्या पुढे, मुंबईच्या हमरस्त्यापासून थोडे आत, दोनशे गज. भाव नऊशे रुपये गज. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, कमी पडले तिथे सौभाग्यवतीच्या पाटल्या गेल्या. बाहेरच्या रिंग रोडचे काम तेव्हा चालू होते, शमशाबादचा विमानतळ पुढच्या वर्षी सुरू व्हायचा होता, आणि जो तो सांगत होता की आज नाही तर कधीच नाही. लेआउट ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा होता. त्या शिक्क्याची शाई मला फार अधिकृत वाटली. एप्रिल महिना होता. पिवळे दगड ओळीने रोवलेले होते आणि जमीन अशी सपाट, की एकही खडा नाही. एक म्हातारा तिथे म्हशी चारत होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सार, इदि चेरुवु." चेरुवु म्हणजे तळे, एवढे तेलुगू मला येत होते. एजंट हसला, मीही हसलो. म्हशीवाल्याला काय कळते!

पुढची कथा लांबवत नाही. २०२० साली तेलंगण सरकारने बेकायदा लेआउटांतले प्लॉट नियमित करण्याची योजना काढली. सुमारे २५ लाख अर्ज आले. या आकड्यावर जरा थांबा: पंचवीस लाख माणसांनी आपल्या हाताने लिहून दिले की आम्ही घेतले ते मंजूर नव्हते. त्यांत हजार रुपये भरून मीही होतो. त्याच ऑक्टोबरात हैदराबादेत धो धो पाऊस झाला, तळ्यांच्या पोटात वसलेल्या वसाहती पाण्यात गेल्या. मी दिवाळीच्या सुट्टीत प्लॉट पाहायला गेलो. पिवळे दगड दिसले नाहीत. बगळे दिसले. नंतर एका जाणत्या गृहस्थाकडून जुनी पहाणी वाचून घेतली, तेव्हा सर्व्हे नंबरच्या मोठ्या हिश्शापुढे एकच शब्द होता : शिकम. तळ्याचे पोट. माझे दोनशे गज आता ज्यांची नोंदणी करता येत नाही अशा जमिनींच्या यादीत आहेत. विकता येत नाही, बांधता येत नाही, आणि खरे सांगायचे तर कोणाला दाखवताही येत नाही.

"पण सर, रजिस्ट्री झाली होती ना?" हा प्रश्न मला शंभर वेळा विचारला गेला. झाली होती. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, मालकी सिद्ध करीत नाही. विकणाऱ्याकडे जे नव्हते ते कचेरीच्या शिक्क्याने तुमच्याकडे येत नाही. मुखत्यारपत्र आणि विक्रीकरार यांवर जमीन घेणाऱ्यांचे तर त्याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप खटल्यात स्पष्ट सांगितले, की अशा कागदांनी मालकी हक्क जात नाही, त्याला नोंदलेले विक्रीखतच लागते. आम्ही दहावीला नागरिकशास्त्र शिकवतो. त्यात यातले एक अक्षर नाही.

त्याच १९०८ साली, २८ सप्टेंबरला, मुसी नदीने हैदराबाद बुडवले आणि हजारो माणसे गेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पूर अडवायला शहराच्या वरच्या अंगाला तलाव बांधण्याची योजना दिली, आणि तिच्यातून १९२० साली उस्मानसागर, १९२७ साली हिमायतसागर उभा राहिला. त्या दोन तलावांच्या भोवती दहा किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, मोठी बांधकामे होऊ नयेत म्हणून १९९६ साली सरकारी आदेश क्रमांक १११ निघाला. माझ्या ओळखीच्या प्रत्येक एजंटाला हा आकडा तोंडपाठ आहे. विश्वेश्वरय्यांचे नाव आठवेल याची खात्री नाही. "एकशे अकरा उठणार, सर!" या एका वाक्यावर पंचवीस वर्षे सौदे झाले. २०२२ च्या एप्रिलात आदेश क्रमांक ६९ काढून त्यातले निर्बंध सैल केले गेले, तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले गेले. ज्या बंधनाने शहराचे पाणी राखले ते सुटले म्हणून पेढे! आणि २०२४ च्या जुलैत, तळी आणि नाले मोकळे करायला त्याच शहरात 'हायड्रा' नावाची यंत्रणा उभी करावी लागली, तिची यंत्रे इमारती पाडू लागली, तेव्हा पेढे खाणारेच सरकारला शिव्या देऊ लागले.

माझ्यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. १९९८ साली माधापुरात सायबर टॉवर्स उभे राहिले, त्याच्या आधी तिकडे ज्यांनी खडकाळ माळ घेतला त्यांची नातवंडे आज काम न करता जेवतात. २०२३ च्या ऑगस्टात कोकापेटला एका भूखंडाचा लिलाव एकरी शंभर कोटी पंचाहत्तर लाखांना झाला. एकराचे ४८४० गज. भागाकार करा, गजाला दोन लाखांच्या वर येतात. गणिताच्या सरांनी हा भागाकार फळ्यावर करून दाखवला होता, स्टाफरूममध्ये. पण तो लिलाव हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाचा होता, मंजूर आराखड्यातल्या जमिनीचा होता, आणि बोली लावणारे बांधकाम कंपन्यांचे लोक होते. तिथे रस्ता किती रुंद, मोकळी जागा किती, सांडपाणी कुठे, हे आधी ठरलेले होते. म्हणजे सर्वांत महाग जमीन ही सर्वांत जास्त बंधनांची निघाली. एवढे त्या फळ्यावर कोणी लिहिले नाही. आणि लाभलेल्यांची नावे गावभर होतात, बुडालेले माझ्यासारखे अठरा वर्षे गप्प बसतात. तुमच्या गल्लीत किती आहेत ते एकदा मोजा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचते ती गोष्ट वेगळीच आहे. १९५१ साली एक मराठी माणूस वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाला आणि हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला आला. पुढे १८ एप्रिलला तो पोचमपल्लीत होता. तिथल्या दलित कुटुंबांनी त्याच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डींनी उठून शंभर एकर दिली. विनोबांचे भूदान तिथे सुरू झाले. भूदान कितपत यशस्वी झाले यावर मी एम.ए.ला असताना खूप टीका वाचली आहे, ती बरीचशी योग्यही आहे. पण पोचमपल्लीपासून हैदराबाद जेमतेम पन्नास किलोमीटर. आज त्या पट्ट्यात भूदानाच्या जमिनींवरही खटले आहेत, कारण जी विकायची नव्हती तीही विकली गेली. आणि त्याच रस्त्यांवरून आमची पांढरी बस जाते, मराठीत घोषणा करीत.

आपल्याकडचे काय, असे कोणी विचारील. गुंठेवारी नियमित करायला महाराष्ट्राला २००१ साली कायदा करावा लागला. तेव्हा आपणही धुतल्या तांदळाचे नाही. फरक एवढाच, की नांदेडात फसलो तर तलाठ्याशी निदान मराठीत भांडता येते.

शिक्षकांचे म्हणणे मी ऐकले आहे. पगारात भागत नाही, विनाअनुदानित तुकडीवरच्या तरुणाला तर पगारच नाही, मग जोडधंदा केला तर बिघडले काय? शिकवणी केली, शेती केली, तर मी बोलणार नाही. पण पालक बसमध्ये चढतो तो कंपनीकडे पाहून नाही. तो सरांकडे पाहून चढतो. त्याच्या मुलाला ज्यांनी बेरीज शिकवली ते चुकीचे सांगतील असे त्याच्या मनातही येत नाही. तो विश्वास आपण कमावलेला नाही. आपल्या आधीच्या मास्तरांनी तो रझाकारांच्या धामधुमीत, बंदी असताना मराठी वर्ग चालवून कमावला आणि आपण तो गजाच्या भावाने विकतो आहोत. माझ्या दोघा सहकाऱ्यांना मी हे तोंडावर सांगितले आहे. चित्रकलेचे सर आठ दिवस बोलले नाहीत. गणिताच्या सरांनी शांतपणे विचारले, "सर, तुमचा प्लॉट बुडाला म्हणून बोलता का?" मी म्हटले, होय. बुडाला नसता तर कदाचित तुमच्या शेजारी यादी घेऊन उभा असतो.

या जूनमध्ये कंपनीचे पत्र आले. रविवारी बस शाळेच्या मैदानात उभी करू द्यावी, बदल्यात पन्नास बाके आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला नवे दरवाजे देऊ. दरवाजे खरोखर मोडके आहेत. मी नकार कळवला. संस्थेच्या बैठकीत मला त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले, आणि ते सर्वांना पटले असे म्हणता येत नाही. दरवाजे अजून मोडकेच आहेत.

बस आता फाटकाबाहेर, कुंपणाला लागून उभी असते. गेल्या रविवारी मी फिरायला निघालो तेव्हा दहावीतल्या एका मुलाचे वडील रांगेत होते. चार एकर काळी विकल्याचे मी ऐकले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले.

"सर, तुमचा बी प्लॉट हाय म्हनं तिकडं?"

"आहे," मी म्हटले. "पाण्यात आहे."

मी विनोद केला असे वाटून ते हसले, आणि बसमध्ये चढले.