भंगारात देण्यापूर्वी दाते मोजा

जयपूरच्या मानसरोवरातून एका भगिनींचे पत्र आले आहे. सासरे वारल्यावर तिथल्या औद्योगिक वसाहतीतले त्यांचे छोटे वर्कशॉप रिकामे करायचे आहे. लेथला, म्हणजे तिकडच्या भाषेत खराद मशीनला, गिऱ्हाईक मिळाले आहे. पण लेथखालच्या पेटीतल्या लोखंडी वस्तू कसल्या, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. भंगारवाला त्या किलोवर न्यायला तयार आहे. ‘‘देऊन टाकू का?’’ असे त्या विचारतात.

ताई, थोडे थांबा. आधी दातेरी चाके बाहेर काढा आणि प्रत्येकाचे दाते खडूने खूण करून मोजा. एखाद्या चाकाला १२७ दाते निघाले, तर ते लाखमोलाचे समजा. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या लेथचा आटे पाडणारा स्क्रू इंचाच्या मापाचा असतो. त्यावर मिलिमीटरचे अचूक आटे पाडायचे तर १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हा हिशेब चाकांतूनच साधावा लागतो, आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. १२७ ही मूळ संख्या. दोन लहान चाके जोडून ती तंतोतंत मिळत नाही. हे चाक गेले की यंत्र चालेल, पण अर्ध्या कामांना मुकेल. घेणारा जाणकार असेल तर पहिल्यांदा तेच विचारील.

तीन पायऱ्यापायऱ्यांचे पोलादी तुकडे सापडले तर ते चकचे जॉ. त्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, कारण ते त्याच क्रमाने बसवावे लागतात. चकवर एक संच असतोच. पेटीतला दुसरा उलट्या पायऱ्यांचा, मोठ्या व्यासाचे काम धरण्यासाठी. तो त्याच चकसाठी घासलेला असतो. दुसऱ्या चकला बसला तरी काम नीट मध्यावर धरेलच असे नाही.

लोखंडी कडे आणि त्यात आत वळलेली तीन बोटे, ही स्टेडी. लांब दांडा मधेच थरथरू नये म्हणून. दोनच बोटांची, एका बाजूला उघडी असेल तर ती हत्याराबरोबर सरकणारी. वाकड्या शेपटीच्या, एका बोल्टच्या कड्याला कारागीर ‘डॉग’ म्हणतात! खाचा पाडलेली जड तबकडी म्हणजे फेसप्लेट. निमुळत्या पोलादी नळ्या दिसल्या तर त्या मोर्स टेपरच्या स्लीव्ह. जाड टोकाकडे व्यास साधारण १७.८ मिलिमीटर असेल तर २ नंबर, २३.८ असेल तर ३ नंबर. त्यांना पॉलिशपेपर मुळीच लावू नका. रॉकेलचा बोळा फिरवा आणि वर तेलाचा हात द्या.

यंत्रावर हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे नाव आहे का, तेही पाहा. १९४१ साली सुरू झालेली ती कंपनी बंद पडली, त्यामुळे तिच्या लेथचे सुटे भाग आता तिच्याकडून मिळणार नाहीत.

जॉचा नंबर चकवरच्या नंबराशी जुळवा, ते एकत्र बांधा, चाकांवर दात्यांचा आकडा लिहा. सगळे लेथशेजारी मांडून मगच गिऱ्हाइकाला बोलवा, आणि भाव यंत्रासकट एकच सांगा.